वाचकांचे प्रश्न : जॅक द रिपर, संशयितांची यादी आणि कागदांची पारख

१८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात झालेल्या खुनांवर गेल्या अंकात लेख छापला होता. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच: 'ते सगळं ठीक, पण खुनी कोण ते सांगा.' ते सांगता येत नाही. मात्र एखाद्यावर संशय घेताना पुढे केलेला पुरावा कितपत टिकतो, हे तपासता येतं. म्हणून तशी तपासणी ज्यांत शक्य आहे असे प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : स्कॉटलंड यार्डाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तीन संशयितांची नावं लिहून ठेवली होती असं वाचलं. नावं ठाऊक होती, तर खटला का भरला नाही?

हे टिपण सर मेलव्हिल मॅकनॉटन यांचं, २३ फेब्रुवारी १८९४ चं. माँटेग्यू ड्रुइट, कोस्मिन्स्की आणि मायकेल ऑस्ट्रॉग ही त्यातली तीन नावं. ती उचलण्याआधी टिपण कशासाठी लिहिलं गेलं ते पाहावं. 'द सन' या वृत्तपत्राने थॉमस कटबुश नावाच्या माणसाकडे बोट दाखवलं होतं, त्याचा प्रतिवाद म्हणून मॅकनॉटन यांनी हा खुलासा तयार केला. कोणाविरुद्धही पुराव्याचा लवलेश मिळाला नाही, असं ते त्यात स्वतःच म्हणतात आणि पुढे लिहितात की या तिघांपैकी कोणीही कटबुशपेक्षा जास्त संभाव्य ठरेल. म्हणजे ही तुलना आहे, आरोप नव्हे. चर्चेत मात्र कटबुश गळून पडतो आणि तीन नावं तेवढी उरतात.

दुसरं असं, की मॅकनॉटन पोलीस दलात आले जून १८८९ मध्ये, खून होऊन गेल्यावर. तेव्हा त्यांची माहिती ऐकीव, आणि तिच्यातल्या चुकाही ऐकीव माहितीत होतात तशाच. ड्रुइट 'डॉक्टर असल्याचं सांगतात' असं टिपणात आहे, प्रत्यक्षात तो बॅरिस्टर आणि शाळामास्तर होता. टिपणाच्या खासगी प्रतीत त्याचं वय ४१ दिलं आहे, खरं वय ३१. कोस्मिन्स्कीला मार्च १८८९ च्या सुमारास वेड्यांच्या इस्पितळात नेलं असं टिपण सांगतं, पण ज्याच्याशी हे नाव जोडलं जातं तो ॲरन कोस्मिन्स्की कोल्नी हॅचमध्ये दाखल झाला फेब्रुवारी १८९१ मध्ये. ऑस्ट्रॉगचं तर विचारूच नका. खुनांच्या काळात तो फ्रान्समध्ये चोरीच्या प्रकरणात गजाआड होता, हे पुढे तिथल्या नोंदींवरून उघड झालं. तिघांपैकी एक असा कायमचा बाद झाला.

ड्रुइटवरचा संशय मुख्यतः तारखेवर उभा आहे. शेवटचा खून ९ नोव्हेंबरचा आणि त्याचा मृतदेह थेम्स नदीत सापडला ३१ डिसेंबर १८८८ ला. खून थांबले म्हणजे खुनी मेला असणार, हा त्यामागचा तर्क. पण ३० नोव्हेंबरच्या सुमारास त्याची शाळेतली नोकरी गेली होती, आत्महत्येला तेवढं कारण पुरेसं आहे. त्याच्या बचावाला येणारेही एक चूक हमखास करतात. ८ सप्टेंबरला तो ब्लॅकहीथला क्रिकेट खेळत होता असं सांगतात. खेळत होता, पण सामना सुरू झाला सकाळी साडेअकराला आणि त्या दिवशी खून झालेल्या ॲनी चॅपमनचा मृतदेह सापडला सहाच्या आत. मधल्या पाच-साडेपाच तासांत ब्लॅकहीथ गाठणं मुळीच अवघड नव्हतं. तेव्हा त्या सामन्यावरून ना आरोप उभा राहतो, ना सुटका होते.

प्रश्न : शालीवरच्या डीएनएने कोस्मिन्स्की हाच खुनी ठरला, अशी बातमी दर काही वर्षांनी येते. मग वाद कसला उरला?

ती शाल कॅथरिन एडोजची, असं म्हणतात. सगळी मेख त्या 'म्हणतात'मध्ये आहे.

एडोजचा खून ३० सप्टेंबरच्या पहाटे मायटर स्क्वेअरमध्ये झाला. तिच्या अंगावरच्या आणि जवळच्या वस्तूंची पोलिसांनी केलेली यादी उपलब्ध आहे. ती इतकी बारीक आहे, की साबणाचे सहा तुकडे, चहाची डबी, साखरेची डबी आणि गहाणवटीच्या पावत्या ठेवलेला मोहरीचा डबा, सगळं मोजून लिहिलेलं. त्यात मोठी रेशमी शाल नाही. घराण्यातून चालत आलेली गोष्ट अशी, की एमोस सिम्प्सन नावाच्या पोलिसाने ती जागेवरून नेली. पण सिम्प्सन महानगर पोलीस दलाचा आणि मायटर स्क्वेअर सिटी ऑफ लंडनच्या वेगळ्या पोलीस दलाच्या हद्दीत. तो तिथे होता असं दाखवणारा त्या वेळचा एकही कागद नाही.

आता प्रयोगशाळेकडे वळू. तपासला तो मायटोकाँड्रियल डीएनए, जो फक्त आईकडून येतो आणि हजारो असंबंधित माणसांत सारखा असू शकतो. त्याने एखाद्याला वगळता येतं, पण 'हाच तो' असं बोट ठेवता येत नाही. २०१४ मध्ये एडोजशी जुळणी सांगताना '३१४.१सी' हा फरक २,९०,००० माणसांत एकाकडे आढळतो, असा दावा केला होता. जाणकारांनी तो खोडून काढला. नाव देताना चूक झाली होती, तो फरक खरं तर '३१५.१सी' होता आणि युरोपीय वंशाच्या ९९ टक्क्यांहून अधिक लोकांत तो असतो. एका आकड्याच्या चुकीने सर्रास आढळणारी खूण दुर्मीळ ठरली होती. २०१९ च्या शोधनिबंधात डीएनएचा पूर्ण क्रम न देता रंगीत चौकटी छापल्या, त्यामुळे इतरांना पडताळा घेता येईना. त्यात शाल वर्षानुवर्षं हाताळलेली, आणि एडोजच्या वंशजांच्या सान्निध्यातही येऊन गेलेली.

समजा, जुळणी निर्विवाद असती. तरी शाल तिथे होती हे सिद्ध होत नाही तोवर तिच्यावरच्या डागाचा खुनाशी संबंध लागत नाही.

प्रश्न : खुन्याची पत्रं तर खरी ना? 'जॅक द रिपर' हे नाव त्यानेच घेतलं होतं.

बहुधा नाही. हे नाव पहिल्यांदा आलं 'डिअर बॉस' या पत्रात. ते २७ सप्टेंबरला सेंट्रल न्यूज या वृत्तसंस्थेकडे पोचलं. पोलिसांना लिहायचं सोडून खुनी वृत्तसंस्थेला लिहील, आणि तेही बातमीदाराला शोभेल अशा ठसकेबाज भाषेत? लेखक पत्रकारच असावा असं पुढे खुद्द पोलीस अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं. त्यानंतर शेकडो पत्रं आली, बहुतेक टवाळांची. दक्षता समितीचे अध्यक्ष जॉर्ज लस्क यांना १६ ऑक्टोबरला अर्ध्या मूत्रपिंडासह आलेलं 'फ्रॉम हेल' पत्र वेगळं आहे, त्यावर 'रिपर' ही सहीच नाही. ते मूत्रपिंड एडोजचंच, हेही कधी सिद्ध झालं नाही.

गोल्स्टन स्ट्रीटवरच्या भिंतीवरील लिखाणाचंही असंच. त्याखाली एडोजच्या ॲप्रनचा रक्ताळलेला तुकडा पडला होता, म्हणून त्याला महत्त्व. लिखाणात ज्यूंचा उल्लेख होता. दंगल होईल या भीतीने आयुक्त वॉरन यांनी छायाचित्र घेण्याआधीच ते पुसायला लावलं. पाहणाऱ्या दोन पोलिसांनी ते उतरवून घेतलं, पण 'नॉट' हा शब्द दोघांच्या नोंदींत वेगवेगळ्या जागी आहे. अशा वाक्यावर अर्थाचे इमले रचणाऱ्यांनी दोघांपैकी कोणाची नोंद धरली, एवढं आधी विचारावं.

प्रश्न : बळी नेमके किती? कुठे पाच वाचतो, कुठे अकरा.

पोलिसांच्या व्हाइटचॅपल फाइलमध्ये अकरा खून आहेत, एप्रिल १८८८ च्या एमा स्मिथपासून फेब्रुवारी १८९१ च्या फ्रान्सिस कोल्सपर्यंत. निकल्स, चॅपमन, स्ट्राइड, एडोज आणि केली हे पाच एकाच हातचे, हे मत पोलिसांचे डॉक्टर थॉमस बाँड आणि मॅकनॉटन यांचं. मार्था टॅब्रम (७ ऑगस्ट, ३९ वार) हिला यादीत घ्यावं आणि स्ट्राइडला वगळावं, असं मानणारे आजही आहेत. संशयितांच्या दृष्टीने हा आकडा कळीचा आहे. पाचांची यादी धरली की ९ नोव्हेंबरनंतर मेलेला वा कोंडलेला माणूस 'बसतो', अकरा धरले की तोच बाद. लेखकाने संशयित आधी निवडून यादी मागाहून कातरली आहे का, ते इथे दिसतं.

प्रश्न : वैद्यकीय अहवालावरून मृत्यूची वेळ मिळते. तेवढ्यावर संशयितांची हजेरी-गैरहजेरी तपासता येणार नाही का?

ॲनी चॅपमनचं उदाहरण घ्या. डॉ. फिलिप्स हॅनबरी स्ट्रीटच्या २९ क्रमांकाच्या घरामागच्या अंगणात साडेसहाला पोचले आणि मृत्यू होऊन किमान दोन तास झाले असावेत असं म्हणाले. म्हणजे साडेचार किंवा त्याआधी. पण जॉन रिचर्डसन पावणेपाचच्या सुमारास त्याच अंगणाच्या पायरीवर बसला होता, त्याला काही दिसलं नाही. शेजारचा कॅडॉश सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान 'नो' असा आवाज आणि मग कुंपणावर काही आदळल्यासारखं ऐकल्याचं सांगतो. एलिझाबेथ लाँगने एका बाईला पुरुषाशी बोलताना पाहिलं ते मद्यभट्टीच्या घड्याळात साडेपाचचा टोला पडल्यावर.

डॉक्टरांचा अंदाज हाताच्या स्पर्शावर होता, थर्मामीटर लावलेला नव्हता. सकाळ गार, रक्त बरंच गेलेलं, पोट उघडं. अशा वेळी शरीर झपाट्याने थंड होतं आणि अंदाज मागे सरकतो. ही पुस्ती फिलिप्स यांनी स्वतःच जोडली होती. त्यामुळे बरेच अभ्यासक साडेपाचकडे झुकतात, आम्हीही. पण तिथेही गाठ आहे: कॅडॉशने आवाज ऐकला त्या वेळी लाँगने पाहिलेली बाई अजून रस्त्यावर होती का? दोन घड्याळांत पाचदहा मिनिटांचा फरक धरला तरच दोन्ही जबान्या जुळतात. त्या काळी तो फरक नेहमीचा होता.

याउलट मायटर स्क्वेअरची वेळ घट्ट आहे. एडोजला बिशप्सगेट चौकीतून एक वाजता सोडलं. शिपाई वॉटकिन्स दीड वाजता चौकातून गेला तेव्हा काही नव्हतं, १ वाजून ४४ मिनिटांनी त्याला मृतदेह दिसला. जोसेफ लावेंडे याने १.३५ ला शेजारच्या बोळाच्या तोंडाशी एका बाईला पुरुषाबरोबर पाहिलं. ती एडोजच असेल, तर खुन्याच्या हाती नऊ मिनिटंही नव्हती. मात्र तो माणूस पुन्हा ओळखता येणार नाही असं लावेंडे म्हणाला होता. त्याने सांगितलेल्या वर्णनाचा आधार घेणारे हे वाक्य सोडून देतात.

प्रश्न : हे खून म्हणजे राजपुत्र आणि राजवैद्याचा कट होता, असंही सांगतात. त्याचं काय?

दरबारी नोंदींनुसार राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर खुनांच्या दिवशी यॉर्कशर, स्कॉटलंड आणि सँडरिंगहॅम अशा ठिकाणी होता. राजवैद्य सर विल्यम गल एकाहत्तर वर्षांचे, १८८७ मध्ये पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले. ज्याच्या तोंडून कटाची गोष्ट पसरली त्यानेच १९७८ मध्ये ती रचलेली असल्याची कबुली दिली. यावर आणखी शाई खर्च करत नाही.

प्रश्न : पहिला मृतदेह सापडलेला गाडीवान लेकमियर याने चौकशीत खोटं नाव सांगितलं. हा संशय वाजवी नाही का?

नाव घेण्यासारखा आहे, सिद्ध मात्र नाही. चार्ल्स लेकमियर ३१ ऑगस्टला पहाटे कामावर जाताना बक्स रो मध्ये मेरी ॲन निकल्सच्या मृतदेहाजवळ दिसला. कोरोनरपुढे (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे) त्याने नाव सांगितलं क्रॉस. ते सावत्र वडिलांचं आडनाव, आणि सोबत घराचा व कामाचा पत्ता खराच दिला. लपायचं असलेला माणूस पत्ता देत नाही. 'हरवलेली मिनिटं', म्हणजे घरापासून तिथवर यायला त्याला हवा त्याहून जास्त वेळ लागला, हा मुद्दाही पोकळ आहे. घर सोडलं ते 'सुमारे' साडेतीनला, अशी जबानी आहे. त्यातला 'सुमारे' काढून टाकला की मिनिटं हरवतात.

प्रश्न : मला स्वतः अभ्यास करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

संशयितांपासून करू नका. प्रत्येक खुनाची वेळपत्रिका आधी बनवा: वेळ, कोणी सांगितलं, कोणत्या घड्याळावरून, कोणत्या तारखेच्या जबानीत. मूळ पोलीस कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मेपो ३/१४० ते ३/१४२ या क्रमांकांखाली आहेत, गृहखात्याचे एचओ १४४ मध्ये. सिटी पोलिसांचे बरेच कागद दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत गेले. कोरोनरच्या चौकशीचे मूळ कागद एडोज आणि केली यांचे टिकले आहेत. बाकीच्यांसाठी वृत्तपत्रांवर भिस्त, म्हणून एकाच दिवसाच्या कामकाजाचे निदान तीन वृत्तान्त शेजारी ठेवून वाचा. नावं, वेळा, अगदी साक्षीदारांची वाक्यंही बदललेली आढळतील.

मग संशयित घ्या. त्याचं नाव खुनांशी पहिल्यांदा कोणत्या साली जोडलं गेलं, कोणी आणि कशासाठी, हे वहीत वरच लिहा. १८८८ मधला जॉन पायझर ('लेदर ॲप्रन' म्हणून १० सप्टेंबरला पकडलेला, दोनच दिवसांत निर्दोष ठरलेला) आणि खुन्याची म्हणून १९९२ मध्ये उगवलेल्या रोजनिशीतला लिव्हरपूलचा कापूस व्यापारी मेब्रिक यांना एकाच रांगेत बसवता येत नाही. ती रोजनिशी पुढे आणणाऱ्याने ती बनावट असल्याचं १९९५ मध्ये शपथेवर सांगितलं होतं. शिवाय तिच्यात 'काड्यापेटीचा पत्र्याचा डबा, रिकामा' असे शब्द येतात, एडोजच्या वस्तूंच्या यादीतल्या शब्दक्रमाने. यादी करणारा पोलीस वस्तू आधी लिहितो आणि 'रिकामा' मागून. खुनी स्वतःच्या आठवणीत तसं लिहील का, हे त्या यादीची प्रत समोर ठेवून ठरवा.