सोयाबीनच्या डीएसबी 21 वाणावर लाल ठिपके आलेत? आधी पान उलटं करून बघा

नमस्कार मंडळी, निपाणी-चिकोडीकडनं सोयाबीनच्या पानांचे एकाच धर्तीचे फोटो यायलेत. प्रश्न पण एकच, "साहेब, तांबेरा येत नाही म्हणून डीएसबी 21 लावलं, आता ठिपके दिसायलेत, बियाणं बोगस हाय काय?"

तांबेरा म्हंजे पानावरचा बुरशीचा रोग. पण बियाणं बोगस म्हणायची घाई करू नका. खालचं एक पान तोडा, उलटं करा, बोट घासा. ठिपका फिकट तपकिरी असून बोटाला तसलीच भुकटी लागली तर तांबेरा जोरात आहे, जेएस 335 ह्या जुन्या वाणावर बघितलाय तसाच. पण ठिपका बारीक, गडद लालसर आणि भुकटी नावालाच असली तर बुरशी तिथंच अडकलीय, तो झाडानं केलेला बंदोबस्त आहे.

कसं होतंय सांगतो. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशीवरच जगते. पानात घुसताना ती काही प्रोटीन आत सोडते, आणि झाडाकडं ते ओळखणारा जीन असला तर (सोयाबीनमधल्या असल्या जीनना आरपीपी म्हणतात, 1 ते 7 नंबर) तिथल्या पेशी स्वतःच मरतात, म्हंजे आग पसरू नये म्हणून आपण शेजारचं छप्पर आपणच पाडतो ना, तसं. बुरशीला खायला काही उरत नाही. धारवाड विद्यापीठानं डीएसबी 21 काढताना जेएस 335 चा संकर ईसी 241778 बरोबर केला तो ह्याच ताकदीसाठी. पण बुरशी पण रूप बदलते, ओळखपाळख चुकवते, म्हणून सगळ्या शिवारात वर्षानुवर्षं एकच वाण नको. कागलकडनं केडीएस 726 हे दुसरं वाण आणून लावणारे बरेच आहेत, चालतंय की.

दुसरा प्रश्न, ॲस्पिरिनच्या गोळ्या पंपात घालायच्या काय? ह्याच्या मागं थोडं खरं आहे. बुरशी ओळखली की झाड सॅलिसिलिक ॲसिड बनवतं, त्या हार्मोननं बाकीच्या पानांतले पण संरक्षणाचे जीन चालू होतात, आणि ॲस्पिरिन त्याचाच भाऊबंद. पण अळी आणि मूळकूज ह्यांच्याशी लढायला झाड जास्त करून जास्मोनिक ॲसिड वापरतं, आणि ही दोन हार्मोन एकमेकाला दाबतात, म्हंजे तांबेऱ्याला दार लावायला गेला आणि अळीला उघडून दिला असं होऊ शकतं, वर डोस जास्त झाला तर पान करपणार ते वेगळंच. नकोच ते.

टॉनिकचं विचारलंय त्यांना थोडक्यात, टॉनिक म्हणून मारतात त्या जिब्रेलिक ॲसिड हार्मोननं झाड उंच होतं, लोळतं, दाटीत पान वाळत नाही. पान 6 तासाच्या वर ओलं राहिलं आणि हवा गार असली की तांबेऱ्याला तेवढंच पाहिजे असतंय. (खानापूरकडच्या भातवाल्यांनो, एखादं रोप फिकट पडून ताडमाड वाढलं तर खूश होऊ नका, तिथं बुरशीच हे हार्मोन तयार करते. जिब्रेलिनचा शोधच 1926 साली जपानी शास्त्रज्ञाला भाताच्या ह्या रोगावरनं लागला.)

भुकटी लागत असेल तर हेक्झाकोनॅझोल 5 ईसी, लिटरला 1 मिली, पानाच्या मागच्या बाजूला पोचेल असं मारा, फुलं-शेंगांच्या वेळी तर थांबूच नका. पंधरा दिवसांनी परत बोट घासून बघा, भुकटी असली तर दुसरी फवारणी.

तरी शंका वाटली तर पान घेऊन रैत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याचं शेतकरी केंद्र) या, पण पेपरात गुंडाळून आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटून पान कुजतंय आणि मग मला पण काय ओळखता येत नाही.