कॉफीचे भाव चढले तरी छोट्या शेतकऱ्याकडे पैसा का राहत नाही?
भाव त्याच्या हातात नसतो म्हणून. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाचा दर न्यूयॉर्कच्या आणि रोबस्टाचा लंडनच्या वायदेबाजारावरून (पुढच्या तारखेच्या मालाचे सौदे आजच होतात तो बाजार) ठरतो. कोणत्या देशानं किती कॉफी निर्यात करायची हे ठरवणारी आंतरराष्ट्रीय कोटापद्धत 1989 मध्ये कोलमडल्यापासून भावाला धरबंध नाही. तेजी बघून रोपं लावावीत, तर पीक यायला 3-4 वर्षं. तोवर भाव कुठल्या कुठे.

पण खरी गोम तोडणीत आहे. एकाच फांदीवर लाल-हिरवी फळं शेजारी शेजारी असतात, त्यामुळे त्याच झाडाकडे पुन्हापुन्हा जाऊन हातानं वेचावं लागतं. मजुरीच नफा खाते. त्यात ओली फळं पडून राहिली की आंबतात. गर काढायचं यंत्र नसेल, तर त्याच संध्याकाळी व्यापारी देईल त्या भावानं माल द्यावा लागतो. (वाळवून विकता येतं, पण बऱ्याचदा व्यापाऱ्याकडून उचल आधीच घेतलेली असते.)