सगळे वडिलांनीच ठरवले असेल, तर माझे असे काही उरते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : शाखा, महाविद्यालय आणि नोकरी वडिलांनी ठरवली, आता लग्नाचा विषय निघाल्यावर तेच वडील ‘तुला कशी मुलगी हवी?’ असे विचारतात आणि तुम्हाला उत्तर सुचत नाही. मग मुळात माझे असे काही आहे का, आणि ते शोधण्यासाठी नोकरी सोडावी का?

मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत समुपदेशनाच्या टेबलावर बसतो. विषय कोणते घ्यायचे, हे मी मुलाकडे पाहून विचारतो; मुलगा वडिलांकडे पाहतो आणि वडील अर्जावरची नजर न काढता उत्तर देतात. तिथे कोणी कोणावर ओरडत नाही. बहुतेक वडील सज्जन असतात आणि पोटाला चिमटा काढून त्यांनी फी भरलेली असते, म्हणूनच काय घडते आहे ते चटकन लक्षात येत नाही. आपल्याला काय आवडते याची चाचपणी करायची वेळ त्या मुलावर येतच नाही, कारण त्याच्या आधीच उत्तर हजर असते.

याचे सर्वांत तपशीलवार लिहिलेले उदाहरण मला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांचे वाटते, ज्यांच्या विचारांचा आपल्या आगरकरांवर मोठा प्रभाव होता. मिल १८०६ साली लंडनमध्ये जन्मले. वडील जेम्स मिल यांनी त्यांना शाळेत न घालता घरीच शिकवले : तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. सुट्टी नाही, बरोबरीची मुले नाहीत, आणि धाकट्या भावंडांना शिकवण्याची जबाबदारी मात्र अंगावर. १८२३ साली, सतराव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीत वडिलांच्याच हाताखाली नोकरीही लागली. जगाचे भले करणे हे वडिलांनी आखून दिलेले ध्येय मुलाने मनापासून उचलले होते. १८२६ च्या शरद ऋतूत त्यांनी स्वतःला विचारले, की हव्या असलेल्या साऱ्या सुधारणा या क्षणी झाल्या, तर मला आनंद होईल का? आतून स्पष्ट ‘नाही’ असे उत्तर आले. पुढचे कित्येक महिने उदासीत गेले, आणि मदतीसाठी ज्यांच्याकडे जावे असे वाटेल अशांत वडील सर्वांत शेवटचे होते, असे त्यांनीच नोंदवले आहे.

आत्मचरित्राच्या कच्च्या खर्ड्यात त्यांनी आणखी काही लिहिले होते, जे छापील प्रतीतून वगळले गेले. काय करायचे ते कोणीतरी सांगेल अशी वाट पाहण्याची सवय लागली होती आणि माझी सदसद्विवेकबुद्धी माझ्याशी बोलली ती वडिलांच्याच आवाजात, अशा आशयाचा तो मजकूर आहे. त्याच खर्ड्यात, साधी गाठ मारायला आपल्याला किती वर्षे लागली कोण जाणे, अशीही कबुली आहे. प्लेटो मुळातून वाचणाऱ्या मुलाला गाठ मारता येत नव्हती, हा तपशील मला फार बोलका वाटतो.

मानसशास्त्रात या गोष्टींना पुढे नावे मिळाली. जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली तरुणांच्या ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. त्यांपैकी एकीत माणूस आपले ध्येय ठामपणे सांगतो, पण ते घरून जसेच्या तसे आलेले असते आणि दुसरा पर्याय त्याने कधी पडताळून पाहिलेला नसतो. ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये वर्तनावरचे नियंत्रण आणि मनावरचे नियंत्रण यांत फरक केला. रात्री दहाच्या आत घरी ये, असे सांगणे पहिल्या प्रकारात मोडते आणि योग्य प्रमाणात ते मुलांना उपयोगीच पडते. ‘तुझ्यासाठी एवढे केले आणि तू हे पांग फेडलेस’ असे म्हणणे, किंवा मनासारखे होईपर्यंत चार दिवस अबोला धरणे, हा दुसरा प्रकार झाला. त्यात मुलाला एवढेच शिकायला मिळते, की माझी वेगळी इच्छा म्हणजे आई-वडिलांना दुखावणे. मग तो इच्छा दडपण्याच्याही आधी थांबतो. ती मनात उगवूच देत नाही.

म्हणून ‘खरा मी’ आत कुठेतरी दडलेला आहे आणि तो शोधून काढायचा आहे, ही कल्पना मला पटत नाही. निवड करण्याची शक्ती स्नायूंसारखी वापरानेच वाढते, असे मिल यांनी १८५९ साली लिहिले. तुमच्यात काही कमी नाही. ती शक्ती वापरायची संधी तुम्हाला मिळाली नाही, इतकेच. तेव्हा सुरुवात मोठ्या निर्णयापासून करू नका. सुट्टीचा दिवस कसा घालवायचा, पगारातले कोणते पैसे कोणाला न विचारता खर्च करायचे, कोणत्या नातेवाइकाकडे जायचे नाही, हे स्वतः ठरवा आणि त्याचे बरेवाईट परिणाम स्वतः भोगा. आवड ही बऱ्याचदा चुकीची निवड केल्यावरच कळते. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर मात्र एकट्याने ओढत बसू नका. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

नोकरीबद्दल सांगायचे, तर केवळ वडिलांनी लावली म्हणून ती सोडू नका. त्यांच्या मताच्या नेमके उलट वागणे म्हणजे सूत्रे त्यांच्याच हाती ठेवणे होय. मिल यांनी कंपनीची नोकरी १८५८ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे केली. वडिलांच्या शिकवणीतले बरेचसे राखले, पण तिच्यात ज्या कवितेला आणि भावनेला फारशी जागा नव्हती, ती स्वतः शोधून आणली.

लग्नाचे तसे नाही, कारण त्यात दुसऱ्या घरची एक मुलगी गुंतलेली आहे, आणि जो स्वतःचे मत सांगू शकत नाही, त्याच्या घरी तिलाही सासऱ्यांच्याच मताने चालावे लागेल. म्हणून सध्या वडिलांकडे एकच मागणी करा : वर्षभर स्थळे पाहणे थांबवा. कारणे विचारली, तर ‘मला अजून ठरवता येत नाही’ एवढे सांगणे पुरेसे आणि खरे आहे. ते कदाचित रागावतील, जेवणाच्या ताटावर बोलायचे बंद होतील. तो अबोला मोडण्यासाठी घाईने होकार देऊ नका.