फेन्सा सर्टिफिकेट सापडत नाही, घराचा व्यवहार अडकेल का?

ताई, मेल वाचला, जीव टांगणीला लागलाय तुमचा हे कळतंय. इंग्लंडमधल्या रेडिंगचं घर विकायला काढलंय, २००९ मध्ये सगळ्या खिडक्या आणि मागचं पॅटिओ डोअर बदललं होतं, ते बसवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, आणि आता बायरचा सोलिसिटर, म्हणजे वकील, फेन्सा सर्टिफिकेट मागतोय, म्हणजे खिडक्या नियमाप्रमाणे बसवल्याचा दाखला. एजंट म्हणतो कौन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, फोन करून विचारा, आणि मिस्टर म्हणतायत फॉर्मवर "खिडक्या आधीपासूनच होत्या" असं लिहून मोकळं होऊ. प्लीज, यातलं काहीच करू नका. कागद हरवणं ही छोटी गोष्ट आहे, तो फोन आणि ते वाक्य मात्र महागात पडेल.

१ एप्रिल २००२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खिडक्या बदलणं बिल्डिंग रेग्युलेशन्सखाली (बांधकामाच्या नियमांखाली) येतं, म्हणजे एकतर रजिस्टर्ड इन्स्टॉलरने फेन्सा किंवा सर्टास अशा स्कीममार्फत काम नोंदवायचं नाहीतर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडून पास करून घ्यायचं. आता महत्त्वाचं, कंपनी बुडाली तरी नोंद बुडत नाही. फेन्साच्या वेबसाइटवर घर नंबर आणि पोस्टकोड टाकून बघा, नोंद मिळाली तर थोडी फी भरून डुप्लिकेट मिळतं. तिथे नसेल तर सर्टासकडे बघा. जुने मेल, गॅरंटीची फाइल, सगळं चाळा.

टीए६ फॉर्मवर, म्हणजे विकणाऱ्याने घराची माहिती भरून द्यायच्या फॉर्मवर, २००२ नंतर खिडक्या बदलल्या का असा थेट प्रश्न असतो, तिथे खरंच लिहायचं, २००९ मध्ये बदलल्या, सर्टिफिकेट मिळत नाहीये, बस. खोटं लिहिलंत आणि नंतर उघड झालं तर बायर मिसरिप्रेझेंटेशनचा, म्हणजे खोटी माहिती दिल्याचा, दावा लावू शकतो, अगदी घर विकून दोन वर्षं झाल्यावरसुद्धा. आणि उघड होतंच हो. डबल ग्लेझिंगच्या दोन काचांच्या मधे जी चंदेरी पट्टी असते ना, तिच्यावर बऱ्याचदा मेकरचं नाव आणि तारीख छापलेली असते, सर्व्हेयर टॉर्च मारून तेच बघतो.

नोंद कुठेच नसली तर बहुतेक जण इन्डेम्निटी इन्शुरन्स घेतात, म्हणजे कागद नसल्यामुळे होणाऱ्या नुकसानीचा विमा. एकदाच प्रीमियम, साध्या घराला बहुतेक वेळा शंभर पौंडांच्या आत, आणि रिवाजाप्रमाणे तो विकणारा भरतो. कौन्सिलने कारवाई केलीच तर खर्च आणि घराच्या किमतीतलं नुकसान पॉलिसी बघते, पण साधारण अट अशी की या कामाबद्दल कौन्सिलशी आधी कुणी बोललेलं नसावं. म्हणून फोन नको म्हणतोय मी, एका चौकशीने पॉलिसीचा रस्ता बंद होऊ शकतो आणि मग रेग्युलरायझेशनच उरतं, म्हणजे कौन्सिलकडून मागाहून मंजुरी घेणं, त्यासाठी इन्स्पेक्टर घरी येणार, खोलीच्या फरशीपासून ८०० मिलिमीटरच्या खाली असलेल्या काचा आणि दाराची काच सेफ्टी ग्लास आहे का हे कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून बघणार, फी वेगळी, वेळ वेगळा, आणि काही कमी पडलं तर दुरुस्ती तुमच्या गळ्यात.

कौन्सिल एवढ्या जुन्या खिडक्यांच्या मागे लागेल असं मला वाटत नाही. नोटीस द्यायची मुदत आधी एक वर्ष होती, १ ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंडमध्ये १० वर्षं केली, २००९ चं काम दोन्हीत बसत नाही. पण कौन्सिलला कोर्टाकडून इन्जंक्शन, म्हणजे मनाई किंवा दुरुस्तीचा हुकूम, मागायला तशी मुदत नाही, म्हणून बायरचे वकील आणि लेंडर (कर्ज देणारी बँक) कागद मागतात, ते तुम्हाला छळायला मागत नाहीयेत.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो, पॉलिसी पैशाचं बघते, खिडकी नीट बसलीये की नाही ते नाही. बायरच्या घरात लहान मूल असेल आणि त्यांनी काचा तपासायला माणूस पाठवायचा म्हटलं तर रागावू नका, येऊ द्या, पण तो खाजगी सर्व्हेयर असू द्या, कौन्सिलचा नाही.

आजच्या आज दोन्ही रजिस्टर बघा, काही सापडलं नाही तर तुमच्या कन्व्हेयन्सरला (विक्रीचे कायदेशीर कागद बघणाऱ्या तुमच्या वकिलाला) लेखी कळवून पॉलिसीचा कोट मागा आणि एजंटलाही स्पष्ट सांगा की कौन्सिलला त्याने परस्पर फोन करायचा नाही.