मेसमध्ये एकटी बसायला नको म्हणून

"मावशी, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी बेळगावात केली. सीईटीला रँक चांगली आली आणि बंगळूरच्या एका नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजात सरकारी सीट मिळाली. कॉलेज व्हीटीयूशी, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. गावानं वेशीवर माझ्या फोटोचा फलक लावला. आता दुसरं सेमिस्टर चालू आहे आणि माझं इथं मन लागत नाही. वर्गात शंका मनात मराठीत येते, तिचं इंग्रजी करेपर्यंत सर दोन पानं पुढं गेलेले असतात. माझं कन्नड ऐकून मुली हसतात. 'रूरल कोट्यातली' असं एकदा पाठीमागून ऐकलं. मेसमध्ये एकटी बसायला नको म्हणून कित्येक रात्री बिस्किटांवर काढते. आई फोनवर विचारते, 'काय करुलालीस गे? जेवलीस काय?' मी म्हणते, 'होय, मजेत आहे.' सगळं सोडून घरी यावंसं वाटतं, पण कुठल्या तोंडानं येऊ?"

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या बिस्किटांपाशी थांबले. बाकीचं सगळं सावकाश बघू. आधी जेवणाचं. आज रात्री मेसमध्ये जा, ताट घे आणि पोटभर जेव. एकटी तर एकटी. उपाशी पोटी रात्री दोन वाजता जे विचार येतात, ते सकाळी अर्धेसुद्धा उरत नाहीत.

मी निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते. शिकायला धारवाडच्या वसतिगृहात राहिले, तेव्हा दर रविवारी घरी कार्ड टाकायची, "मी खुशाल आहे." आणि कार्ड पेटीत टाकून येताना रडायची. चौथ्या महिन्यात वडील न कळवता आले. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, "कार्डावर तू एक लिहितीस आणि दिसतीस एक." त्या दिवशी मी त्यांच्यापुढं पहिल्यांदा खरं बोलले. दुसऱ्या दिवशी धारवाड होतं तसंच होतं, पण मला तिथं राहता येऊ लागलं.

म्हणून तुला माझं एकच मागणं आहे. आईला खरं सांग. वर्गातलं जड जातंय, त्यापेक्षा हे रोजचं "मजेत आहे" तुला जास्त दमवतंय असं मला वाटतं. तिला इंजिनिअरिंगमधलं काही कळणार नाही, कळायची गरजही नाही. लेकीचा आवाज उतरलाय हे तिला बहुतेक आधीच कळलंय. एकदम सगळं सांगवत नसेल तर एवढंच म्हण, "आई, मला इथं करमंना झालंय." पुढचं ती विचारेल.

आता वर्गातलं. मी तीस वर्षं सीमाभागातल्या मराठी शाळेत गणित शिकवलं. 'वर्गसमीकरण' चुटकीसरशी सोडवणारी माझी मुलं पीयूसीला 'क्वाड्रॅटिक' ऐकून गप्प बसताना मी पाहिली आहेत. गणित तेच होतं, त्याचं नाव तेवढं कुणी सांगितलेलं नव्हतं. तू तर तो टप्पा पार करून रँक आणलीस. शंका मराठीत आली तर मराठीतच वहीच्या कडेला लिहून ठेव. तास संपल्यावर ती वही घेऊन सरांच्या केबिनमध्ये जा आणि मोडक्या इंग्रजीत विचार. साठ जणांपुढं तोंड उघडत नाही, एकासमोर उघडतं. पहिल्या वेळी हात थरथरेल, थरथरू दे.

कन्नडबद्दल एक सांगते. आपल्याकडचं कन्नड धारवाडी वळणाचं. बोलताना मागं 'री' लावायची आपली सवय बंगळूरला वेगळी वाटते. पण हुबळी-विजापूरची, घरात कन्नडच बोलणारी मुलंसुद्धा तिथं ह्याच 'री'वरून हसू सोसतात. तुझ्या हॉस्टेलात अशी एखादी नक्की असेल. तिला शोध. इथं सीमेच्या वादात आपण मराठी आणि कानडी असे समोरासमोर उभे राहतो, पण बंगळूरच्या मेसमध्ये तुम्ही दोघी एकाच बाजूच्या आहात. दोघींना ज्वारीची भाकरी आठवत असणार. जेवायला सोबत तिथूनच मिळेल.

आणि तो 'रूरल कोटा'. पहिली ते दहावी खेड्यात शिकलेल्यांसाठी कर्नाटकात 15 टक्के जागा राखीव आहेत, त्या का ठेवल्या ते तुझ्याइतकं त्या बोलणाऱ्या मुलीला ठाऊक नाही. पावसाळ्यात बस चुकली की शाळा बुडायची, शिकवणी लावायची तर बेळगाव गाठावं लागायचं, हे तू भोगलंयस. ती सीट तुझी आहे. ह्यावर कुणाशी वाद घालू नकोस आणि मान खालीही घालू नकोस.

सोडून यावं का? आत्ता नाही, हे सेमिस्टर पुरं कर. परीक्षा देऊन आलीस तर हातात काहीतरी असेल. मात्र सोडणं हा गुन्हा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. व्हीटीयू 1998 साली सुरू झालं आणि त्याचं मुख्यालय बेळगावजवळच्या आपल्या मच्छ्यात आहे. उद्या बेळगावातल्या एखाद्या संलग्न कॉलेजात शिकलीस तरी पदवी त्याच विद्यापीठाची. मधेच कॉलेज बदलायला अटी बऱ्याच असतात, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नकोस, कॉलेजच्या ऑफिसात जाऊन स्वतः विचार. दार आहे एवढं कळलं तरी खोलीत गुदमरायला होत नाही. फलकाची काळजी तर अजिबात करू नकोस. खानापूरच्या पावसात कुठला फलक टिकलाय?

एक गोष्ट मात्र आजच कर. झोप उडाली असेल, सकाळी अंथरुणातून उठवत नसेल, जगणंच नको असं क्षणभर जरी मनात येत असेल, तर 14416 ला फोन लाव. ही सरकारची टेली-मानस सेवा, दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांनाही भेट. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातो तसंच हे, ह्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि जोडून सुट्टी आली की रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकड, सकाळी बेळगावला उतरशील. निघताना आईला फोन करून सांग, मी येतेय आणि मला भरपूर झोपायचंय. दोन दिवस घरचा भात-आमटी खा. परत जाताना भाकरी दोन जास्त बांधून घे, त्या हुबळीच्या पोरीसाठी.

मला परत लिही. आईशी काय बोललीस ते तेवढं आधी लिही.

तुझी,
मावशी