दोन रंगांच्या अहवालाला चार प्लेट निघाल्या, त्याविषयी

खानापूरच्या पतसंस्थेचा लाल-काळा अहवाल आपण इनडिझाइन या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लावला आणि प्रत्येक फॉर्मला (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाला) दोनऐवजी चार प्लेट (एकेका शाईचे छपाईचे पत्रे) निघाल्या, असे आपण लिहिले आहे. निपाणीच्या एका सोसायटीच्या अहवालात मी हेच भोगले असल्यामुळे सविस्तर लिहितो. पॅलेट, म्हणजे फाइलमधल्या रंगांची यादी, कसे उघडावे आणि रंग कसा द्यावा, हे आपल्याला येतेच असे धरतो.

पॅलेटमधला लाल पडद्यावर कसा दिसतो यावर नव्हे, तर तो कोणत्या प्रकारचा आहे आणि त्याचे नाव काय आहे, यावर प्लेट ठरते. स्पॉट, म्हणजे स्वतंत्र शाईचा रंग, म्हणून केलेला लाल एकाच प्लेटवर जातो. प्रोसेस, म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा आणि काळा या चार शायांतून तयार होणारा, असा केलेला लाल मॅजेंटा आणि पिवळ्यात विभागला जातो. हिशेबनीसाकडून आलेली वर्डची फाइल आत घेतली की तिच्यासोबत आरजीबी (पडद्यासाठीचे लाल-हिरवा-निळा यांच्या मिश्रणाचे) रंगही पॅलेटमध्ये येतात, आणि त्यांतला काळा चारही प्लेटांवर पसरतो. मग रजिस्टर (प्लेटांचे एकमेकांवर जुळणे) केसभर हलले तरी ताळेबंदातील बारीक आकडे आणि कन्नड मजकुरातील ओत्तक्षरे (अक्षराखाली येणारी छोटी जोडव्यंजने) वाचता येत नाहीत. बोधचिन्ह दुसऱ्या फाइलमधून आले असेल, तर पँटोन या कंपनीच्या क्रमांकित रंगांपैकी पँटोन १८५ सी आणि पँटोन १८५ सीव्हीसी अशी एकाच शाईची दोन नावे पॅलेटमध्ये दिसू शकतात, आणि त्यांच्या दोन वेगळ्या प्लेट निघतात. असे दुहेरी नाव इनडिझाइनच्या इंक मॅनेजरमध्ये (शायांच्या यादीत) एकमेकांशी जोडता येते.

निपाणीच्या कामात मात्र आमचा लाल स्पॉटच होता. प्लेट काढणाऱ्या केंद्राने कोणालाही न विचारता सगळे स्पॉट रंग प्रोसेसमध्ये बदलले, चार प्लेटांचे बिल लावले आणि 'फाइल आली तशी काढली' एवढेच उत्तर दिले. मागणीपत्रावर 'डबल कलर' (दोन रंगांचे काम) असे स्पष्ट लिहिलेले होते. सेपरेशन (रंगांची प्लेटनिहाय विभागणी) पडद्यावर दाखवा, अशी विनंती केली तेव्हा तो आमचा नियम नाही, असे सांगण्यात आले. वार्षिक सभा तोंडावर असताना गावोगावच्या छोट्या छापखान्यांना असे वागवणे मला आजही अन्यायाचे वाटते. दोन रंगांच्या कामाला चौथी प्लेट निघत असताना एक फोन करणे हे त्या केंद्राचे कर्तव्यच होते.

म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी इनडिझाइनच्या सेपरेशन्स प्रिव्ह्यूमध्ये (प्लेटनिहाय पूर्वदृश्यात) सायन, मॅजेंटा आणि पिवळा एकेक करून पाहावेत. तिन्ही पूर्ण कोरे दिसले पाहिजेत. सगळ्या प्लेटांवर उमटणारा रजिस्ट्रेशन हा रंग कटिंगच्या खुणांसाठीच असतो, तो अक्षरांना कधीही देऊ नये. नोव्हेंबर २०२२ पासून इनडिझाइन बनवणाऱ्या अडोबीने पँटोनची बहुतेक पुस्तके (रंगांच्या तयार याद्या) काढून टाकली आहेत, परंतु डबल कलरला त्यांची गरज नाही. 'लाल' नावाचा स्वतःचा स्पॉट रंग करावा आणि शाई छापखान्यात निवडावी. शाईबाबत मशीनमनचाच शब्द अंतिम मानावा, कारण मी यंत्र चालवत नाही.

आपल्या निघालेल्या प्लेटा लगेच टाकून देऊ नयेत. लाल शंभर टक्के मॅजेंटा आणि शंभर टक्के पिवळा असा विभागला गेला असेल, आणि काळा मजकूर केवळ काळ्या प्लेटवरच असेल, तर मॅजेंटाच्या प्लेटवर लालचा सगळा आकार भरीव असतो. तीच प्लेट लाल शाईवर चढवून, काळ्या प्लेटसह, अहवाल दोन रंगांत छापता येतो. आकडे मॅजेंटाच्या प्लेटवरही दिसत असतील, तर मात्र रंग दुरुस्त करून नव्या प्लेट काढाव्या लागतील.