अँबॅसडरचं इंजिन बदलताय? मागचे पाटे शेवटी कसून घ्या

भाऊ, तुमचं म्हणणं मला असं समजलं. 1.5 डिझेल अँबॅसडर आहे, इंजिन निघालं, जागी 1.8 इसुझू पेट्रोल पाच गिअरच्या बॉक्ससकट येणार. गाडी उघडीच आहे म्हणून मिस्त्रीनं मागचं हाउसिंग (मागच्या ॲक्सलची पेटी), पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), शॉकअपही उतरवले. आता तो म्हणतो की मागचं सगळं बसवून पक्कं कसून टाकू, गाडी चाकांवर आली की ढकलता येईल, मग निवांत इंजिन टाकू. आणि तुम्हाला ते पटून नाही राहिलं.

मिस्त्रीचं अर्धं बरोबर आहे. मागचं आधी जोडून घ्या, गाडी चाकांवर आणा. पण पाट्याच्या पुढच्या आयचा (टोकाच्या गोल भोकाचा) बोल्ट, शॅकलच्या (पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या झुलत्या पट्ट्यांच्या) पिना आणि शॉकअपचे खालचे नट हातानं लावून एखाद-दोन आटे शिल्लक ठेवा. पाटा हाउसिंगला आवळणारे यू बोल्ट गाडी ढकलण्यापुरते बरे कसा, पण शेवटचा जोर लावू नका. तो जोर इंजिन-गिअरबॉक्स आपल्या माउंटिंगवर बसल्यावर, सीटा आत आल्यावर, टाकीत निम्मं पेट्रोल असताना आणि चारही चाकं जमिनीवर असताना लावायचा.

याचं पहिलं कारण बुश. पाट्याच्या आयमध्ये रबरी बुश असतो आणि त्याच्या आत लोखंडी नळी. बोल्ट कसला की नळी हँगरला, म्हणजे पाटा जिथे बॉडीला लटकतो त्या पेटीला, घट्ट धरली जाते. त्यानंतर पाटा वरखाली होताना जी हालचाल होते ती सगळी रबराच्या पिळातून होते, नळी फिरत नाही. हाउसिंग हवेत लोंबकळत असताना कसलं तर रबराची बिनपिळाची जागा तिथेच ठरते. गाडी खाली उतरली की रबर उभ्या गाडीतच पिळलेलं, वर खड्ड्याचा पीळ वेगळा. असा बुश लवकर फाटतो. मागची उंचीही बोटभर जास्त दिसत राहते आणि लोक पाट्याला दोष देतात.

बसवताना बुशला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू देऊ नका. रबर फुगतं. साबणाचं पाणी लावा, बुश आत सरकतो आणि पाणी वाळून जातं. पॉलियुरेथेनचे बुश घ्यावे का, असंही विचारलं आहे. घरच्या वापराच्या गाडीला रबरच घ्या. अँबॅसडर घेऊन तुम्ही रेस लावणार नाही, आणि आपल्या सिमेंट रोडचा प्रत्येक जोड मग थेट पाठीत येतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि याकडे गॅरेजवाले सर्रास दुर्लक्ष करतात: पिनियनचा, म्हणजे हाउसिंगमध्ये शाफ्ट जिथे जोडला जातो त्या दातेरी दांड्याचा, कोन. इंजिन आणि बॉक्स बदलला की बॉक्सची शेपटी (मागचं टोक) पूर्वीच्याच उंचीवर, पूर्वीच्याच उतारावर येईल याची खात्री नसते. बॉक्सपासून हाउसिंगपर्यंत ओढ नेणाऱ्या जॉइंट शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस (वळते सांधे) आहेत. शेपटीची रेषा आणि पिनियनची रेषा एकमेकींना समांतर असतील तरच एका क्रॉसनं घातलेला झटका दुसरा क्रॉस काढून टाकतो. तशा नसतील तर ठरावीक वेगाला फरशीखालून थरथर येते, मग मिस्त्री शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवतो आणि बॅलन्स करून आणला तरी थरथर तिथेच.

मोजायचं असं. इंजिन पक्कं बसलं, गाडी सपाट फरशीवर चाकांवर उभी आहे. चुंबकाचा डिजिटल कोनमापक मिळतो, तो घ्या. मोबाइलचं ॲप अडीअडचणीला चालेल. आधी बॉक्सच्या शेवटच्या मशीन केलेल्या तोंडावर लावा, मग पिनियनच्या फ्लँजच्या तोंडावर. समजा बॉक्स मागे 3 अंश उतरता आहे. मग पिनियनचं नाक (पुढचं टोक) वर 3 अंश असलं की रेषा समांतर झाल्या. पण पाट्याच्या गाडीत ॲक्सिलेटर दाबला की हाउसिंग पिळतं आणि नाक आणखी वर उठतं. म्हणून उभ्या गाडीत ते अंश-दोन अंश कमी ठेवतात, म्हणजे या उदाहरणात वर 1 ते 2. तुमच्या गाडीत हे जास्तच पाहायला हवं, कारण जुनं डिझेल 37 हॉर्सपॉवरच्या आसपासचं होतं आणि इसुझू 75 च्या. त्याच पाट्यांवर जास्त ओढ येणार. शिवाय प्रत्येक क्रॉसवर प्रत्यक्ष पडणारा कोन 3 अंशांच्या आत राहिलेला बरा, मात्र अगदी शून्यही नको. शून्यावर क्रॉसमधल्या बेअरिंगच्या सुया जागच्या जागी घासून खाच पाडतात.

कोन जमला नाही तर पाटा आणि हाउसिंगची गादी (पाटा टेकतो ती सपाट जागा) यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालतात. पाटा हाउसिंगच्या खाली असेल तर नाक उचलायला पाचरीची जाड बाजू पुढे, पाटा वर असेल तर जाड बाजू मागे. तुमच्या गाडीखाली वाकून बघा आणि मगच पाचर सांगा. दोन्हीकडे सारखीच पाचर. ॲल्युमिनियमची घेऊ नका, दबून चुरा होते. पाचर आली की सेंटर बोल्ट (पाट्याच्या मधोमध असणारा) तेवढा लांब लागतो, नाहीतर त्याचं डोकं गादीच्या भोकात नीट बसत नाही. आता हे सगळं यू बोल्ट कसून झाल्यावर कळलं तर पुन्हा सगळं उघडा. म्हणून म्हणतो, शेवटी कसा.

सेंटर बोल्टबद्दल गैरसमज फार आहे. त्याचं काम हाउसिंग जागेवर आणण्याचं. धरून ठेवण्याचं काम यू बोल्टच्या दाबाचं. यू बोल्ट ढिले राहिले की सगळा भार त्या बारक्या बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि हाउसिंग एका बाजूनं मागे सरकतं. जुने यू बोल्ट परत वापरू नका, ते ताणलेले असतात. नवे लावून चारही नट आळीपाळीनं, तिरप्या जोडीनं, टप्प्याटप्प्यानं कसा. आकडा मॅन्युअलमधला घ्या, टॉर्क पाना भाड्यानं आणावा लागला तरी आणा. शेदोनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा.

पाटे नवे करून घेतलेत की कमानवाल्याकडून (पाटे दुरुस्त करणाऱ्याकडून) जुनेच बाक देऊन आणलेत ते लिहिलं नाही. काही असो, बसवण्याआधी दोन्ही पाटे जमिनीवर शेजारी ठेवा आणि पुढच्या आयच्या मध्यापासून सेंटर बोल्टपर्यंत टेप लावा. दोन्हींत फरक असेल तर बसवलेलं हाउसिंग तिरकंच येणार, गाडी सरळ रस्त्यावर खेकड्यासारखी चालणार. गाडी चाकांवर आल्यावर डाव्या-उजव्या बाजूचा व्हीलबेस मोजा. अँबॅसडरचा 2464 मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंत तीन-चार मिलिमीटरहून जास्त तफावत नको. ओळंबा सोडून फरशीवर खडूच्या खुणा करा, आडव्या-तिरप्या मापांनी लगेच कळतं.

कमानवाला हमखास म्हणेल, "एक पाटा वाढवून देतो." वाढवू देऊ नका. इंजिन पुढे बदललं आहे, डिकीत नाही. मागे पाटा वाढला की शेपूट वर येतं, शॅकल सरळ उभा राहतो आणि आत्ता जुळवलेला कोन बिघडतो. वजन घेतलेल्या गाडीत शॅकल थोडा मागे झुकलेला हवा, तर पाटा सपाट होताना त्याला लांबायला जागा मिळते. उंची जुळवायचीच असेल तर पुढच्या टॉर्शन बारवर (पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळत्या दांडीवर) जुळवा. इंजिनाचं वजन बदललं की तिकडे हात घालावाच लागतो, आणि तेही मागचा कोन मोजायच्या आधी.

शाफ्ट छोटा करावा लागेल का? मोजल्याशिवाय कापू नका. हिंदुस्तान मोटर्सनं स्वतःच 1.8 इसुझू अँबॅसडरमध्ये दिलं होतं, त्यामुळे इंजिन-बॉक्ससोबत त्याच गाडीचं क्रॉसमेंबर (खालचा आडवा आधार) आणि जॉइंट शाफ्ट मिळत असेल तर तो सौदा आधी करा. 2014 ला उत्तरपाड्याचं उत्पादन थांबलं, आता भंगारातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. शाफ्ट बसवल्यावर स्लाइडिंग योक (शाफ्टचं सरकतं टोक) बॉक्समध्ये पूर्ण आत टेकू नये, वीसेक मिलिमीटर जागा राहावी. हाउसिंग जॅकनं बंप स्टॉपपर्यंत (वरच्या रबरी ठोकळ्यापर्यंत) उचलून आणि पूर्ण खाली सोडून दोन्ही वेळा बघा. शाफ्ट कापून वेल्डिंग केला तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का हेही बघा. लेथवाले इथे चुकतात.

क्राउन-पिनियन (हाउसिंगमधले दातेरी गिअर) डिझेलचंच ठेवणार असाल तर आधी रेशो काढा. मागची दोन्ही चाकं वर, एक धरून ठेवायचं, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं. शाफ्ट जितके फेरे फिरेल तो रेशो. पेट्रोलला तो जुळत नसेल तर आत्ताच बदलला पाहिजे, हाउसिंग उघडं आहे तोवर.

हाउसिंग खाली सोडताना ब्रेकच्या रबरी होजवर लोंबकळू देऊ नका. बरेच जण देतात आणि मग ब्रेक का धरून राहिले ते शोधत बसतात. हँगरच्या पेटीवर हातोडीनं ठोकून बघा, पत्रा भद्द आवाज करत असेल तर नवा पाटा लावून उपयोग नाही. अँबॅसडरला वेगळी चासी नाही, पाटा सरळ बॉडीच्या पत्र्याला लटकतो. तिथे वेल्डिंग लागलं तर पेट्रोलची टाकी काढून अंगणाबाहेर ठेवा, रिकामी असली तरी. रिकाम्या टाकीतली वाफच पेटते.

आणि घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड. हँगर मोकळे हवेत म्हणून घोड्या त्यांच्या पुढे, बॉडीच्या मजबूत मेंबरखाली येतील, फरशीच्या पातळ पत्र्याखाली नव्हे. पुढच्या चाकांना मागून-पुढून ओंडके. मे महिन्यात डांबरावर उभं करून काम करत असाल तर घोडीचा पाय डांबरात रुततो, आणि काळ्या मातीच्या प्लॉटवर पहिल्या पावसानंतर तेच. खाली जाड प्लेट टाका. फक्त जॅकवरच्या गाडीखाली मिस्त्रीच्या पोऱ्यालाही जाऊ देऊ नका.

चालवून बघायला समृद्धी महामार्गावर नेऊ नका. नागपूरच्या काटोल रोडला सकाळी लवकर निघा, 40 ते 70 च्या दरम्यान हळूहळू वेग वाढवा, मग पाय सोडा. ओढ देताना थरथर आणि सोडल्यावर बंद, किंवा उलट, तर कोन तपासा. दोन्ही वेळा सारखी असेल तर चाकं किंवा शाफ्टचं बॅलन्सिंग.

कागदपत्रांचं विचारलं नाही, तरी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी चालत नाही, आणि तुमच्याकडे तर इंधनच बदलून राहिलं. गाडी नागपूरच्या एमएच 31, 40 किंवा 49 ज्या पासिंगची असेल त्या आरटीओत इंजिन टाकायच्या आधी जाऊन विचारा. इसुझूच्या खरेदीचा कागद आणि इंजिन नंबर सोबत न्या. नोंदीत बसत नसेल तर विम्याचा क्लेमही अडकतो.

इंजिन बसलं की बॉक्सचा कोन, पिनियनचा कोन आणि पाटा हाउसिंगच्या वर आहे की खाली, एवढं लिहा. पाचर किती अंशांची लागेल ते सांगतो.